पिंपळीची पट्टी पांढरी पाच

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात मॉन्टपेलियर नावाचं एक लहान गाव आहे. त्या गावात एका पोराच्या आजोबांचा पेट्रोल पंप होता आणि पंपाला लागून विजेचा ट्रान्सफॉर्मर. पंपावर गेलं की पोराचं सगळं लक्ष त्या ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणण्याकडे. चारचौघांच्या घरात अशा पोराला कानाच्या डॉक्टरकडे नेतात. या पोराने पुढे संगीताचं रीतसर शिक्षण घेतलं, न्यूयॉर्क गाठलं आणि १९६२ साली चार स्वप्नांची एक रचना केली. त्यातल्या दुसऱ्या स्वप्नाचं नाव उच्च दाबाच्या तारेवरच्या ट्रान्सफॉर्मरवरून ठेवलेलं आहे. संगीतकाराचं नाव ला माँट यंग. एकदा धरलेला सूर तासन् तास सोडायचाच नाही, या ‘ड्रोन’ नावाच्या पाश्चात्त्य प्रकाराचे ते मूळपुरुष मानले जातात.

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की पिंपळी येते. इथल्या शिवारात ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात, आणि डीपीकडे कान लावून उभी राहणारी माणसं इथेही आहेत. हेतू तेवढा निराळा. डीपी गुणगुणते म्हणजे लाइट आहे. गुणगुणत नाही म्हणजे फ्यूज उडालाय. नेहमीपेक्षा मोठ्याने गुणगुणते म्हणजे लोड आलाय. आता ती जळणार, आणि मग वर्गणी काढून, वायरमनला गाठून, दुसरी डीपी येईपर्यंत ऊस माना टाकणार. यंग यांनी ज्या आवाजावर कारकीर्द उभारली, तो आवाज पिंपळीचा शेतकरी त्यांच्यापेक्षा बारकाईने ऐकतो. त्याच्यावर अजून कुणी समीक्षा लिहिलेली नाही.

सुराच्या जाणकारांसाठी थोडा हिशेब. भारतातली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरच्या आतला पोलादी गाभा त्याच्या दुपटीने, म्हणजे सेकंदाला १०० वेळा थरथरतो. पेटीवर हा सूर खर्जातल्या पांढरी पाचच्या जवळ जातो, केसभर चढा. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथला ट्रान्सफॉर्मर १२० वर गातो. पांढरी सातला तो पोचता पोचता राहतो. तेव्हा ला माँट यंग पिंपळीत जन्मले असते तर जागतिक ड्रोन संगीताची पट्टी पांढरी पाचवर आली असती. शिवाय शेतीच्या लाइटचं वेळापत्रक पाहता त्यांच्या रचना इतक्या लांबल्याही नसत्या.

ध्वनिकला म्हणून जगात जे काही चालतं त्याची तोंडओळख करून द्यायची, तर न वाजवलेल्या पियानोपासून सुरुवात करावी लागते. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकला डेव्हिड ट्यूडर मंचावर आले, पियानोचं झाकण लावलं आणि घड्याळ समोर ठेवून चार मिनिटं तेहतीस सेकंद बसून राहिले. रचना जॉन केज यांची. श्रोत्यांनी ऐकायचं ते झाडांतला वारा, छपरावर पडणारे पावसाचे थेंब आणि कंटाळून उठणाऱ्या शेजाऱ्याची खुर्ची. या एका रचनेवर पुष्कळ शाई खर्च झाली. आपल्याकडे तबला तंबोऱ्याला मिळवून घेण्यात याहून जास्त वेळ जातो, आणि त्याचं वेगळं मानधन कुणी मागत नाही.

केज यांनी दार उघडल्यावर माइक घेऊन घराबाहेर पडणाऱ्यांची रांग लागली. फ्रान्सचे ल्यूक फेरारी हे त्यातले पट्टीचे. आजच्या क्रोएशियातल्या कोर्चुला बेटावर व्हेला लुका नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. फेरारींनी तिथे पहाटे खिडकीत माइक ठेवला आणि होड्यांची इंजिनं, माणसांची बोलणी, किड्यांची किरकिर असं सगळं गोळा करून वीसेक मिनिटांत बसवलं. १९७० साली पुऱ्या झालेल्या या कृतीच्या नावाचा अर्थ होतो ‘जवळजवळ काहीच नाही’. नाव प्रामाणिक आहे. पण पिंपळीच्या खिडकीत माइक ठेवला असता तर हे नाव टिकलं नसतं. पाचला देवळाच्या भोंग्यावर काकडा सुरू होतो. डेअरीवर दुधाच्या किटल्या आदळतात. गोठ्यातली म्हैस पेंडीच्या घमेल्यावर आपला हक्क सांगते. हंगाम असेल तर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातो; ट्रॉल्यांच्या हुकाचा खडखडाट, इंजिनाची धाप आणि ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून लावलेलं गाणं, ज्याने ड्रायव्हर सोडून सगळ्या गावाची झोप उडते. फेरारी गडबडून गेले असते. त्यांना माइक आत घ्यावा लागला असता.

कारखान्याच्या भोंग्याचीही कला होते, हे ऐकून भवानीनगरच्या माणसाला बरं वाटेल. ७ नोव्हेंबर १९२२ रोजी बाकू शहरात आर्सेनी अव्रामोव्ह या रशियन संगीतकाराने कारखान्यांचे भोंगे, बंदरातल्या जहाजांचे हॉर्न, तोफा आणि आगगाड्यांच्या शिट्ट्या यांची सिंफनी केली होती. वादक सगळ्या शहरभर पसरलेले, त्यामुळे मनोऱ्यावरून निशाणं हलवून ताल द्यावा लागला. इंदापूर तालुक्यात भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्याचा भोंगा हंगामात पाळीपाळीला होतो आणि त्याला संगीत-दिग्दर्शक लागत नाही, टाइमकीपर पुरतो.

आता ड्रोनचं मूळ पाहायचं तर पिंपळीहून दक्षिणेकडे, मिरजेला जावं लागतं. १९७० साली पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले आणि यंग, त्यांच्या पत्नी मारियन झझीला व संगीतकार टेरी रायली हे तिघे त्यांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे शिकलेले. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले आणि आजही तिथे त्यांच्या पुण्यतिथीला गाणं होतं. तंबोरेही मिरजेचेच नावाजलेले. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा आणि हात मिरजेच्या सतारमेकरांचा, असा हा जुना व्यवहार. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून कारागीर जवारी काढतो. धागा तसूभर इकडे, तसूभर तिकडे. मान वाकडी, डोळे मिटलेले, आणि मग एका क्षणी तार अशी बोलते की एका सुरातून सुरांची रांग बाहेर पडते. न्यूयॉर्कमध्ये जे करायला ऑसिलेटर आणि अॅम्प्लिफायर जुळवावे लागले, ते इथे दोऱ्यावर भागतं.

यंग यांची १९६० सालची एक रचना तर दोनच सुरांची आहे. पांढरी सात आणि काळी तीन. दोन्हींत अंतर षड्ज-पंचमाचं, आणि सूचना एवढीच, की हे बराच वेळ धरावेत. मराठी घरात ही रचना रोज पहाटे एखादी शाळकरी मुलगी बसवते. क्लासच्या बाई तिला ‘आता पुढे गा’ म्हणतात, एवढा फरक. पुढे यंग आणि झझीला यांनी गुरूंच्या तंबोऱ्यांची स्वतंत्र तबकडी काढली. तासाभराहून जास्त वेळ नुसते तंबोरे. ही तबकडी एखाद्या मराठी रसिकाच्या हाती पडली तर पहिली दहा मिनिटं तो ‘जवारी सुरेख आहे’ म्हणेल, पुढची दहा मिनिटं बुवा आता ‘आ’ लावतील या आशेवर काढेल, आणि त्यानंतर तबकडी अडकली असं समजून प्लेअरला चापट मारेल.

(अब्दुल करीम खाँसाहेबांनी टिपू नावाच्या कुत्र्याला सूर लावायला शिकवलं होतं, ही हकीकत संगीताच्या बैठकींत अजून रंगवून सांगतात. प्रयोगशीलता न्यूयॉर्कहून आपल्याकडे आली, असं मानणाऱ्यांनी या कुत्र्याचा विचार करावा.)

लांबीच्या बाबतीत पाश्चात्त्यांनी कमाल केली आहे, हे कबूल करायला हवं. जर्मनीतल्या हाल्बरश्टाट गावच्या चर्चमध्ये केज यांचीच ऑर्गनची एक रचना ५ सप्टेंबर २००१ पासून सुरू आहे आणि ती २६४० साली संपणार आहे. एकूण ६३९ वर्षं. सुरुवातीचे सतरा महिने विरामाचे होते, म्हणजे फक्त भात्याची हवा ऐकू येत होती. त्यानंतर काही वर्षांनी एकदा सूर बदलतो आणि तो बदल ऐकायला देशोदेशीची माणसं जमतात. ५ फेब्रुवारी २०२४ ला असाच एक बदल झाला. बांधाच्या भांडणाचा दिवाणी दावा चालवलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. तिथेही काही वर्षांनी एकदा काहीतरी हलतं आणि सगळे भाऊबंद जमतात.

पण हाल्बरश्टाटच्या ऑर्गनची पट्टी वजनं लटकवून दाबून ठेवलेली आहे. माणूस लागत नाही. अखंड हरिनाम सप्ताहात लागतो.

सात दिवस म्हणजे १६८ तास. या १६८ तासांत वीणा खाली ठेवायची नाही. बारामती, इंदापूर तालुक्यांतल्या गावोगावी हा कार्यक्रम होतो. पहारेकऱ्यांची यादी आधी ठरते आणि मंडपाच्या खांबाला लागते. संध्याकाळचा पहारा मिळावा म्हणून वशिले लागतात. रात्री दोन ते चारचा पहारा मात्र, नियोजनाच्या बैठकीला जो गैरहजर होता त्याच्या नावावर जातो. रात्री दोनला तो येतो, कानाला मफलर, डोळ्यांत झोप. आधीचा पहारेकरी वीणा छेडतच असतो. येणारा त्याच्या पाया पडतो, तो याच्या. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, तेवढ्यात तार बंद पडता कामा नये म्हणून दोघांची बोटं क्षणभर एकाच वीणेवर. मग एक जण घरी जातो आणि दुसरा उभा राहतो. समोर श्रोते म्हणाल तर मंडपाच्या कोपऱ्यात लवंडलेला आचारी आणि समईपाशी अंग मुडपून बसलेलं कुत्रं. पहारेकरी नाम घेतो, तार छेडतो, पेंगतो, दचकतो, पुन्हा छेडतो. तिसऱ्या दिवशी वीणा उतरते. कोणीतरी खुंटी पिळतो, दुसरा म्हणतो जास्त झाली, तिसरा परत सैल करतो. अशा रीतीने सूर सात दिवसांत हळूहळू सरकत राहतो. या सरकण्याला ध्वनिकलेच्या जगात फार मान आहे. तिथे ते मुद्दाम करावं लागतं.

सातव्या दिवसानंतर काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. युरोप-अमेरिकेतल्या ड्रोनच्या मैफलींत जेवण नसतं. या एका मुद्द्यावर सप्ताह सरस ठरतो.

पिंपळीच्या परिसरातला सर्वांत आधुनिक ध्वनिप्रयोग मात्र देवळात होत नाही, ज्वारीच्या रानात होतो. पूर्वी पाखरं हाकायला माळ्यावर गोफण घेऊन माणूस बसायचा. आता बॅटरीवरचा छोटा भोंगा मिळतो. बटण दाबून त्यात आपलाच आवाज भरायचा, दुसरं बटण दाबलं की तो तेच तेच म्हणत राहतो. शेतकरी एकदाच बेंबीच्या देठापासून ‘हाऽऽ, हाऽऽड, हुर्रर्र’ ओरडतो, भोंगा खांबाला बांधतो आणि बारामतीला निघून जातो. दिवसभर तो रानात नसतो, पण ओरडत असतो. काही जण मागून कुत्र्याचं भुंकणंही घालतात. एकाच्या भोंग्यात घाईघाईत मोबाइलची रिंगही भरली गेली, तर ती पीक निघेपर्यंत दर दहा सेकंदांनी वाजते आणि वाटेने जाणारा प्रत्येक जण खिसा चाचपतो.

आता शेजारच्या रानातही असाच भोंगा. दोन्ही एकाच वेळी सुरू केले तरी एकाची फीत जरा लांब, दुसऱ्याची आखूड. हळूहळू एक मागे पडतो, मग दोघांचे ‘हाऽड’ एकमेकांत मिसळतात, मग पुन्हा सुटे होतात. १९६५ साली स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराने नेमकं हेच केलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चौकात प्रवचन देणाऱ्या एका माणसाचा आवाज त्याने दोन टेपवर घेतला, दोन्ही यंत्रं एकदम सुरू केली, आणि यंत्रांच्या वेगात जरासा फरक असल्यामुळे दोन आवाज एकमेकांपासून सरकू लागले. त्या सरकण्यातून विसाव्या शतकातला एक नवा संगीतप्रकार निघाला. राइशना यंत्रांतला फरक हेरायला स्टुडिओ लागला. आपल्याकडे स्वस्तातला भोंगा तो फरक कंपनीतूनच घेऊन येतो. पाखरांचं म्हणाल, तर ती चार दिवसांत भोंग्याला सरावतात आणि त्याच्याच खांबावर बसून कणसं टिपतात. प्रायोगिक संगीताला हमखास मिळणारा असा श्रोतृवर्ग दुसरीकडे नाही.

एवढं सगळं असताना कोणी शहरातला रेकॉर्डिस्ट हेडफोन लावून, काठीला केसाळ माइक बांधून पिंपळीच्या कालव्यावर उभा राहिला, तर पुढचा संवाद ठरलेला.

“पाव्हणं, मोजणीवालं का?”

“नाही काका. आवाज रेकॉर्ड करतोय.”

“कुणाचा?”

“कालव्याच्या पाण्याचा.”

“मग त्येचं काय करणार?”

“ऐकणार.”

“हितं ऐकू येतंय की. घरी न्हेऊन कशाला ऐकायचं?”

फील्ड रेकॉर्डिंगवर परिसंवाद भरतात, त्यांतला कळीचा प्रश्न हाच असतो. फक्त तिथे तो दोन दिवस चालतो. इथे काका प्रश्न टाकून माइककडे वळतात आणि काठीला हे मांजर कशापायी बांधलंय, असं विचारतात. यात त्यांची चूक नाही. वाऱ्याची फरफर अडवणाऱ्या त्या केसाळ टोपीला या धंद्यातली माणसंही मेलेलं मांजरच म्हणतात. मोजणीची शंकाही खरी. पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे जाणारा १३० किलोमीटरचा पालखी महामार्ग झाल्यापासून रस्त्याकडेला काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे कोणीही कलावंत म्हणून बघत नाही.

मग खरी अडचण. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण शिकणाऱ्यांना सवय लावतात, की कुठल्याही जागी काम संपताना मिनिटभर तिथली शांतता टेपवर घ्यायची. तिला रूम टोन म्हणतात. गावात ही मिनिटभराची शांतता मागितली, की ती मिळवून द्यायला सगळे धावतात. एक जण मोटर बंद करायला, दुसरा पोरांना गप्प करायला, तिसरा लांबून येणाऱ्या फटफटीला हात करायला. ‘ए, गप रं! पाव्हणं शांतता भरत्यात!’ अशा आरोळ्या चारी बाजूंनी उठतात, आणि रेकॉर्डिंगमध्ये त्याच येतात. १९७५ साली कॅनडाच्या मरी शेफर यांच्या चमूने युरोपातल्या पाच खेड्यांचा ध्वनी-अभ्यास केला: स्वीडन, जर्मनी, इटली, फ्रान्स आणि स्कॉटलंडमधलं प्रत्येकी एक गाव. चर्चची घंटा कुठवर ऐकू जाते, रस्त्यावरून किती वाहनं जातात, कुठला आवाज त्या गावाची खूण आहे, अशी बारीक नोंद झाली. सहावं गाव म्हणून पिंपळी घेतली असती, तर वाहनं मोजणारा माणूस आळीपाळीने बदलावा लागला असता.

कालवा मात्र ऐकण्यासारखा आहे. नीरा डावा कालवा ब्रिटिश अमदानीतला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. आवर्तन सुटलं की त्याचा आवाज बदलतो. फाट्याच्या दारातून पाणी घुसतं, मोरीखालून घुमतं, चारीतून पातळ होत जातं. रात्री दारं धरणारा माणूस बॅटरी लावत नाही, पाणी सरीच्या शेवटाला पोचलं की आवाजावरून त्याला कळतं. अॅनिया लॉकवुड यांनी १९८२ साली अमेरिकेतल्या हडसन नदीचा उगमापासून समुद्रापर्यंत असा ध्वनिनकाशा काढला होता. नीरा डाव्याचा काढायचा झाला तर त्यात पाण्याइतकंच पाण्यावरून झालेलं भांडण येईल आणि संपादकाला ते कापता येणार नाही. मे २०२५ मधल्या पावसात पिंपळीजवळ हा कालवा फुटला आणि पाणी रानांत, रस्त्यावर आलं. त्या दिवशी कुणी ‘काय विलक्षण ध्वनी आहे’ म्हटलं असतं, तर त्याला जवळून ऐकण्याची सोय गावाने तातडीने केली असती.

या भागात आवाजाचं गंभीर काम झालेलंच नाही, असंही नाही. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे, बारामतीकडे शिर्सुफळचा. चिंकारा, खोकड, लांडगा यांचा हा मुलूख, आणि वनखात्याने आता इथे गवताळ रानाची सफारीही सुरू केली आहे. महाराष्ट्रातल्या अशा माळांवर भारतीय वन्यजीव संस्थेचे सौगत साधुखान व बिलाल हबीब आणि त्यांच्यासोबत लॉरेन हेनेली या संशोधकांनी लांडग्यांचं ओरडणं ध्वनिमुद्रित केलं. २०१९ साली त्यांचा निबंध आला. लांडग्याच्या हाळीची सरासरी लांबी पाच सेकंदांच्या आसपास आणि सूर सुमारे ४२२ हर्ट्झ. पेटीवर बसवलं तर काळी चारच्या किंचित वर. ही पट्टी गायिकांची. त्यामुळे माळावर रात्री लांडगा आणि गावात भजनी मंडळातल्या बायका एकाच वेळी लागल्या, तर पेटीवाल्याची फारशी अडचण होऊ नये. पुढच्या एका निबंधात यांच्यापैकी काहींनी नुसत्या हाळीवरून लांडगा ओळखण्याची पद्धत मांडली, म्हणजे लांडगे न पाहताही माळावरची त्यांची संख्या काढता यावी. पद्धत अशी, की रात्री स्पीकरवर लांडग्याची हाळी वाजवायची आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर आधी वस्तीवरची कुत्री देतात, हे कुठलाही मेंढपाळ फुकट सांगेल.

लांडग्याला माळ लागतो, तसा रोहिताला, म्हणजे फ्लेमिंगोला, चिखल. भिगवणजवळच्या कुंभारगावला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित उतरतात आणि पुण्या-मुंबईची माणसं भल्या पहाटे होडीत बसतात. हातभर लांबीच्या लेन्स सगळ्यांकडे असतात, माइक क्वचितच. रोहितांचा थवा बोलतो तेव्हा फोटोतल्या त्या गुलाबी नजाकतीचा भ्रम राहत नाही; तो आवाज बाजारच्या दिवशीच्या बदकांचा आहे. फोटोवाल्यांनी आवाज न घेण्यामागे हेही कारण असू शकेल.

या सगळ्या उचापतींत महाराष्ट्रात झालेलं सर्वांत मोठं काम कलावंतांनी केलेलं नाही आणि ते कला म्हणूनही केलेलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी १९८०च्या दशकापासून पुणे जिल्ह्यात आणि पुढे राज्यभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. फ्रेंच संगीततज्ज्ञ बर्नार बेल नंतर यात आले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. इंदापूर तालुक्यातल्या बायकांच्या ओव्याही त्यात आहेत. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाने मांडायला घेतला. तोवर विजेच्या गिरणीने जातं अडगळीत टाकलं होतं. गंभीर माणसाने ऐकावं असं या ध्वनिमुद्रणांत शब्दांपलीकडे बरंच आहे: दगडावर दगड फिरण्याचा अखंड घरघराट, त्याच्यावर बेतलेला श्वास, मध्येच बांगडी, मध्येच घास टाकायला थांबलेला हात, दुसरीने उचललेली पुढची ओळ. खाली ड्रोन आणि वर उत्स्फूर्त गायन, ही व्याख्या तंतोतंत लागू पडते. या कलावंत बायकांना विचारलं असतं तर त्यांनी पीठ दाखवलं असतं.

जाणकारांनी नाक मुरडण्याआधी एक निवाडा इथे देऊन टाकायला हरकत नाही. ड्रोन, लूप आणि ध्वनिमुद्रणाच्या नावाखाली जगात बरंच भिकार काम होतं. दोन तासांची घरघर ऐकवून तिकीट घेणारे कमी नाहीत आणि तिच्यावर चार पानी टिपण लिहिणारे त्याहून जास्त. पिंपळीत आवाज करणाऱ्यांची टंचाई कधी नव्हती. आहे ती एका जागी उभं राहून तो नोंदवून ठेवणाऱ्याची. मोटेचा करकराट कुणी भरून ठेवला नाही. बैलगाड्यांच्या घुंगरांचा ताफा उसाच्या हंगामात अजून अधूनमधून ऐकू येतो, पण ट्रॅक्टरच्या मागे पडत चाललाय. डिझेल इंजिनावरच्या पिठाच्या गिरणीची ती पुकपुक पन्नाशीच्या पुढच्या माणसाला तोंडाने काढून दाखवता येते, आणि बऱ्याच गावांत तेवढीच उरली आहे.

आषाढवारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून पिंपळीवरून काटेवाडीला येते. काटेवाडीत पालखीला मेंढ्यांचं रिंगण होतं. शेकडो खुरं एकदम वळतात, मेंढ्या ओरडतात, टाळ थांबत नाहीत. पुढे बेलवाडीला घोड्यांचं गोल रिंगण. या दोन ठिकाणी निघणारे व्हिडिओ मोजता येणार नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेकांत ऐकू येतं ते व्हिडिओ काढणाऱ्याचं ‘सरका ना जरा पुढं’.

तेव्हा यंदा जाणाऱ्यांनी एवढं करावं. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रिंगणात मेहुण्याचा कॉल येतो. वारा जोरात असेल तर माइकच्या भोकावर लोकरीचा तुकडा धरा. काटेवाडीत त्या दिवशी लोकरीला तोटा नाही. दोन मिनिटं स्वतः काही बोलू नका. रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, आवाज दाबला जातो. मूळ फाइल जपा. आणि तिला गाव, तारीख, वेळ असं नाव द्या. ‘न्यू रेकॉर्डिंग १७’ पुन्हा कधी कुणाला सापडत नाही.